बारावीनंतर गणित आणि संगणकशास्त्र एकत्र शिकायचं असेल तर: अर्ज कुठे, कधी, कसा

दरवर्षी मे महिन्यात, बारावीचा निकाल लागला की तीन-चार पालक माझ्याकडे येतात. मी साताऱ्यात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. बोलणं साधारण एकाच वाक्यानं सुरू होतं: "सर, पोराला गणितच आवडतंय, पण कॉम्प्युटरही सोडायचा नाही. असं कुठं असतंय का?" असतं. पण तोवर त्यातल्या दोन सर्वांत चांगल्या ठिकाणच्या अर्जाची मुदत संपलेली असते आणि कधीकधी परीक्षाही होऊन गेलेली असते. या मुलांना अर्ज बारावीच्या निकालावर भरायचा नसतो. तो बोर्डाची परीक्षा चालू असतानाच भरायचा असतो, आणि त्याची तयारी अकरावीत सुरू करायची असते. पुढचं सगळं यंदा अकरावीत असलेल्यांसाठी आहे. बारावीवाल्यांनी थेट वेळापत्रकावर जावं.

आधी हे तुमचं आहे का ते बघा

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा आकडा बहुतेकांनी ऐकलेला असतो. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतला तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि इथून पुढे हलत नाही. कुठूनही सुरू केलं तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येतं.

हे मी वर्गात सांगितलं की मुलांचे तीन गट पडतात. काही जण "हो का" म्हणून वही मिटतात. काही जण घरी जाऊन पायथनमध्ये दहा ओळींचा प्रोग्राम लिहितात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात, "सर, सगळ्या ९९९० संख्या तपासल्या, खरं आहे." आणि एखादा विचारतो, तपासल्या ते ठीक, पण एवढ्या तपासायची गरज होती का?

नव्हती. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असे मांडा. वजाबाकी येते ९९९(अ − ड) + ९०(ब − क). म्हणजे पहिली पायरी झाल्यावर मूळ चार अंकांना काही अर्थ उरत नाही, फक्त दोन फरक उरतात. अ − ड हा १ ते ९ असू शकतो, आणि ब − क हा ० पासून अ − ड पर्यंत. मोजलं तर एकूण ५४ जोड्या. ९९९० चं काम ५४ वर आलं. हे एका दुपारी कागदावर होतं.

प्रोग्राम लिहिणारा आणि हा प्रश्न विचारणारा हे दोघंही ज्याच्यात आहेत, त्याच्यासाठी हा अभ्यासक्रम आहे. फक्त पहिला असेल तर सरळ कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करावं, त्यात कमीपणा काही नाही. उगाच शुद्ध गणिताच्या वाटेला जाऊन दुसऱ्या सत्रात विश्लेषणाच्या, म्हणजे अॅनालिसिसच्या, पेपरला रडण्यापेक्षा ते बरं.

"बीएस्सी करून पुढं काय?" हा पालकांचा पुढचा प्रश्न. तो रास्त आहे, कारण आपल्याकडे बीएस्सी म्हणजे इंजिनीअरिंगला नंबर लागला नाही की घ्यायची पदवी, असा समज आहे. मी त्यांना २००२ ची गोष्ट सांगतो. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीनं ठरवणारी पद्धत आहे का, हा गणिताचाही प्रश्न होता आणि संगणकशास्त्राचाही. तो आयआयटी कानपूरमध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सोडवला. त्यांतले कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झाले होते. सगळ्यांचं असं होत नाही, हे उघड आहे. पण या पदवीनंतर मुलं एमएस्सी-पीएचडीकडे जातात, डेटा सायन्सकडे जातात, आर्थिक कंपन्यांत गणिती मॉडेलं बनवतात आणि सॉफ्टवेअरमध्येही जातात. दार बंद होत नाही, एवढं पालकांना कळलं तरी पुरे.

कुठे अर्ज करायचा

माझ्या यादीत पहिलं नाव चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचं, म्हणजे सीएमआयचं. १९८९ मध्ये सी. एस. शेषाद्री यांनी ती सुरू केली. चेन्नईच्या दक्षिणेला सिरुसेरीत, आयटी पार्कमध्येच छोटासा परिसर आहे. इथल्या पदवीचं नावच 'गणित आणि संगणकशास्त्र' आहे. १९९८ पासून ती चालू आहे, आणि दोन्ही विषय खरोखर एकत्र शिकवले जातात. पहिल्याच वर्षात एकीकडे बीजगणित आणि विश्लेषण, दुसरीकडे हॅस्केल नावाच्या भाषेत प्रोग्रामिंग. आधी कोडिंग येत नसलं तरी चालतं. उलट, यूट्यूबवर चार भाषा शिकून आलेल्यांनाही तिथे पुन्हा मुळापासून विचार करावा लागतो. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो. जेईई किंवा सीईटीचे गुण तिथे उपयोगाचे नाहीत. शुल्क आहे, पण चांगल्या मुलांना शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं. त्यामुळे आकडा बघून फॉर्मच न भरण्याची चूक करू नका.

दुसरी भारतीय सांख्यिकी संस्था, आयएसआय. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात उभी केली. बी.स्टॅट कोलकात्याला, बी.मॅथ बंगळुरूला, आणि दोन्हींची लेखी परीक्षा एकच. इथे गणित आणि संख्याशास्त्राचं वजन जास्त, संगणकाचं कमी. पण पुढे याच संस्थेत संगणकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण फार वरच्या दर्जाचं आहे. शिकवणी शुल्क घेण्याऐवजी ही संस्था मुलांना दरमहा विद्यावेतन देत आली आहे. हे ऐकल्यावर वाईच्या एका शेतकरी वडिलांनी मला दोनदा विचारून घेतलं होतं, "म्हणजे पैसे आपल्याला, आपण त्यांना नाही?"

तिसरा रस्ता जेईई अॅडव्हान्स्डचा. 'मॅथेमॅटिक्स अँड कम्प्युटिंग' या नावानं बीटेक आता बऱ्याच आयआयटींत आहे: दिल्ली, गुवाहाटी, आणि आपल्या जवळ फोंड्याला, फर्मागुडीतल्या आयआयटी गोव्यातही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २०२२ मध्ये याच नावाचं बीटेक सुरू केलं. तिथे जेईई अॅडव्हान्स्डचाच क्रमांक चालतो, पण अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर वेगळा करावा लागतो. जोसाच्या, म्हणजे आयआयटींच्या सामाईक प्रवेशाच्या, यादीत ते नाव सापडत नाही म्हणून चांगला क्रमांक असलेल्या मुलाला ही जागा माहीतच नसते, असं मी पाहिलं आहे. आयआयटी मुंबईत गणिताची चार वर्षांची बीएस आहे, तीही जेईईतूनच.

यांत फरक काय? सीएमआयमध्ये शिकवण्याचा कल सिद्धांताकडे असतो, प्रत्येक गोष्ट का खरी आहे यावर भर. आयआयटीच्या बीटेकमध्ये उपयोजनाकडे आणि कॅम्पस नोकरीकडे. एक वर आणि दुसरं खाली असं नाही, पण मुलाला काय हवं हे अर्ज भरायच्या आधी घरात एकदा बोलून घ्या.

आयसर पुणे, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, आणि मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभागाचं मूलभूत विज्ञान केंद्र, जे सीईबीएस म्हणून ओळखलं जातं, ही दोन्ही जवळची ठिकाणं. दोन्हीकडे गणित उत्तम, संगणकशास्त्र मुख्य नाही. आयसरच्या चाचणीत जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक असे चार विभाग प्रत्येकी १५ प्रश्नांचे, एकूण २४० गुण. जीवशास्त्र सोडलेल्याचे ६० गुण तिथेच जातात. सीईबीएसची नेस्ट परीक्षा मात्र चारांतले चांगले तीन विभाग धरते. अकरावीत बायोऐवजी आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्यानं आधी नेस्टचा विचार करावा.

वेळापत्रक

तारखा दरवर्षी थोड्या हलतात, क्रम सहसा हलत नाही.

अकरावीच्या सुरुवातीला, जून ते ऑगस्टमध्ये, गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या टप्प्याची नोंदणी असते. त्याला आयओक्यूएम म्हणतात: तीन तास, ३० प्रश्न, उत्तर फक्त पूर्णांकात. परीक्षा सप्टेंबरच्या आसपास. पुढे विभागीय फेरी आरएमओ, मग जानेवारीत राष्ट्रीय फेरी आयएनएमओ. तिथवर पोहोचलेल्या मुलांना सीएमआय आणि आयएसआय या दोन्हीकडे प्रवेशात सवलत मिळत आली आहे. कधी लेखी परीक्षा माफ, कधी थेट प्रवेश. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नेमकी अट वाचा. पण सवलत नाही मिळाली तरी ही तयारी फुकट जात नाही, कारण प्रश्नांची जात तीच आहे. संगणकाचंही असंच ऑलिम्पियाड आहे आणि त्याची विभागीय पायरी कागद-पेनावर देता येते. संगणक घरी नसलेल्या मुलांना मी ती आवर्जून द्यायला लावतो.

बारावीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जेईई मेनचा फॉर्म, परीक्षा जानेवारी आणि एप्रिलमध्ये. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. आणि नेमकं याच वेळी, मार्च-एप्रिलमध्ये, आयएसआय, सीएमआय, आयसर आणि नेस्टचे फॉर्म. घरात तेव्हा बोर्डाची धावपळ असते, मुलगा केमिस्ट्रीचं जर्नल शोधत असतो, आणि मुदत टळते. म्हणून एक काम पालकांनी अंगावर घ्यावं: फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून दर रविवारी चारही संस्थांची संकेतस्थळं उघडून बघायची. दहा मिनिटं लागतात.

एप्रिल-मेमध्ये एमएचटी-सीईटी. मे महिन्यात आयएसआय, सीएमआय आणि जेईई अॅडव्हान्स्ड अशा तीन परीक्षा चार आठवड्यांत येतात. जूनमध्ये आयसरची चाचणी आणि नेस्ट. सगळ्या द्यायलाच हव्यात असं नाही. माझ्या मते गणिताकडे ओढा असलेल्यानं सीएमआय, आयएसआय आणि जेईई या तीन पक्क्या धराव्यात. चौथी आयसर किंवा नेस्टपैकी एक. सीईटी तर महाराष्ट्रात राहणाऱ्यानं द्यायचीच, राज्याच्या कॅप फेरीसाठी.

तयारी: उत्तर नव्हे, मांडणी

आता मुख्य विषय. इंटिग्रेटेड कॉलेजात दोन वर्षं काढलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा वेग थक्क करणारा असतो. चार पर्यायांतले दोन ती नजरेनंच उडवतात. पण तीन ओळींची सिद्धता लिहायला सांगितली की पेन थांबतं. दोन वर्षांत त्यांच्याकडून कुणी एकही पूर्ण वाक्य लिहून घेतलेलं नसतं. सीएमआय आणि आयएसआयच्या परीक्षेत निम्म्याहून जास्त खेळ तिथेच आहे.

सीएमआयच्या पेपरचे दोन भाग असतात. पहिल्यात उत्तरं छोटी, अलीकडच्या वर्षांत बरेचदा चार-चार विधानं खरी की खोटी ते ठरवायचं. दुसऱ्यात सगळी मांडणी लिहून द्यायची. पहिल्या भागात ठरावीक रेषेच्या वर आलेल्यांचाच दुसरा भाग तपासला जात आला आहे, म्हणून पहिल्याकडे दुर्लक्ष चालत नाही. आयएसआयमध्ये सकाळी ३० बहुपर्यायी प्रश्न दोन तासांत, दुपारी आठ वर्णनात्मक प्रश्न दोन तासांत.

आयएसआयच्या सकाळच्या पेपरची गुणपद्धत गेली अनेक वर्षं अशी आहे: बरोबरला ४, चुकीला ०, आणि रिकाम्या सोडलेल्या प्रश्नाला १. हा छोटा गणिती विनोदच आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून टिक केली तर सरासरी मिळकत चारचा एक चतुर्थांश, म्हणजे १. रिकामं सोडलं तरी १. म्हणजे आंधळा अंदाज फुकट. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर तीनांतून अंदाजाची सरासरी ४/३ होते, आणि मग टिक करणं फायद्याचं. मुलांना हे मी नियम म्हणून पाठ करायला देत नाही, तिथल्या तिथे काढायला लावतो.

आता एक प्रश्न जवळून बघू. हा मी माझ्या वर्गासाठी जुन्या, माहितीच्या कल्पनेवरून बनवलेला आहे.

हळदीकुंकवाला २० बायका जमल्या. त्यांतल्या काही एकमेकींना आधीपासून ओळखतात. सिद्ध करा की किमान दोघी अशा आहेत की त्यांच्या तिथल्या ओळखींची संख्या सारखी आहे.

बहुतेक वहीत असं येतं: "प्रत्येकीच्या ओळखी ० ते १९. बायका २०. पिजनहोलनं दोघींची संख्या सारखी." याला मी दहापैकी दोन गुण देतो. मुलं चिडतात, कारण निष्कर्ष बरोबर आहे. पण ० ते १९ म्हणजे २० शक्यता झाल्या आणि बायकाही २०. प्रत्येकीला एकेक वेगळी संख्या देता येते, पिजनहोल, म्हणजे वस्तू खणांपेक्षा जास्त असतील तर एका तरी खणात दोन येणारच हे तत्त्व, इथे लागूच होत नाही.

पूर्ण उत्तर असं हवं. ओळख परस्पर आहे असं मानू, म्हणजे पहिली दुसरीला ओळखत असेल तर दुसरीही पहिलीला ओळखते. प्रत्येकीच्या ओळखींची संख्या ० ते १९ मधली आहे. समजा एकीची संख्या ० आहे. मग तिला कुणीच ओळखत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाचीही संख्या १९ असू शकत नाही. कारण १९ म्हणजे उरलेल्या सगळ्या ओळखीच्या, त्यात हीसुद्धा आली. म्हणजे ० आणि १९ या दोन संख्या एकाच वेळी येऊ शकत नाहीत. म्हणून प्रत्यक्षात जास्तीत जास्त १९ वेगळ्या संख्या येतात. बायका २०, संख्या १९. आता पिजनहोल लागतं, दोघींची संख्या सारखी.

जास्तीच्या तीन-चार ओळी. पण "ओळख परस्पर आहे" हे वाक्य लिहिलं की नाही, ० आणि १९ चा अडथळा दिसला की नाही, यावर तपासणारा ठरवतो की मुलाला कळलंय की त्यानं फक्त ऐकलंय. माझा नियम असा: रोज एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर शेजारच्या बाकावरच्याला वाचायला द्यायचं. त्यानं "का?" विचारलं की ती ओळ पुन्हा लिहायची. 'हे उघड आहे' हा शब्दप्रयोग माझ्या वर्गात वर्षभर बंद असतो. वर मी स्वतः तो एकदा वापरलाय, पण ते गणित नव्हतं.

अभ्यासक्रमाची काळजी कमी करा. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात गरजेचं बरंच आहे: अकरावीच्या दुसऱ्या भागात क्रमचय-संचय, गणिती विगमन, संच आणि संबंध, तर बारावीच्या पहिल्या भागाचं पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं. ते प्रकरण मुलं सत्यता सारण्यांचे सोपे गुण म्हणून उरकतात. विधानाचा नकार कसा लिहायचा हे तिथेच नीट शिकून घेतलं, तर पुढे सीएमआयची खरी-खोटी विधानं निम्म्यानं सोपी वाटतात. पुस्तकात जवळजवळ नसलेली एकच मोठी गोष्ट म्हणजे संख्याशास्त्र. इथे मी स्टॅटिस्टिक्स म्हणत नाहीये, विभाज्यता, मूळ संख्या, भागाकारात उरणाऱ्या बाकीचं गणित याबद्दल बोलतोय. मराठीत हा गोंधळ नेहमीचा, म्हणून मी वर्गात 'अंकसिद्धांत' म्हणतो. तेवढा वेगळा करावा लागतो. बाकी सीएमआयच्या संकेतस्थळावरचे जुने पेपर एकेक करून, घड्याळ लावून सोडवा. पंधरा वर्षांचे पेपर वाचण्यापेक्षा सहा वर्षांचे पूर्ण लिहिलेले बरे.

मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. पेपर इंग्रजीत असतो आणि लिहायचंही इंग्रजीत, पण लागणारी वाक्यं पन्नासएक आहेत. "समजा", "म्हणून", "याउलट", "असा एक तरी", "प्रत्येक" यांची इंग्रजी रूपं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि महिनाभर तीच वापरा. व्याकरण चुकलं म्हणून गुण जात नाहीत, 'प्रत्येक' च्या जागी 'एखादा' लिहिलं तर सगळा प्रश्न जातो.

फॉर्म भरताना

फॉर्म स्वतःच्या ईमेलवरून आणि घरातल्या चालू मोबाईल नंबरवरून भरा. एका वर्षी माझ्या एका विद्यार्थ्यानं नेट कॅफेत फॉर्म भरला आणि कॅफेवाल्यानं घाईत स्वतःचाच ईमेल टाकला. हॉल तिकीट त्याच्या इनबॉक्समध्ये, तो गावी लग्नाला. परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही तो माणूस शोधत फलटणपर्यंत गेलो होतो.

नावाची भानगड सर्वांत जास्त होते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर आडनाव शेवटी. फॉर्ममध्ये दहावीच्या गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग जसंच्या तसं टाका, आणि आधारवरचं त्याच्याशी जुळत नसेल तर ते अकरावीतच दुरुस्त करून घ्या. एका मुलीच्या वडिलांच्या नावातला एक 'एच' जुळवायला आम्हाला दोन महिने लागले होते.

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, सही काळ्या पेनानं पांढऱ्या कागदावर. फाइल किती केबीची हवी हे फॉर्मवर लिहिलेलं असतं. मोबाईलच्या फोटोची सावली पडलेली सही टाकू नका. हे सगळं एका फोल्डरमध्ये जानेवारीतच तयार ठेवा.

आणि जातीचे दाखले. इथे महाराष्ट्रातली मुलं दरवर्षी अडकतात. आयआयटी, आयसर, आयएसआय या केंद्राच्या संस्था. त्यांना नॉन-क्रीमी लेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा दाखला तीन वर्षांचा असला तरी इथे चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा मागतात. सेतू केंद्रात अर्ज देतानाच "केंद्र सरकारच्या नमुन्यात" असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीनं राज्याचाच छापून हातात ठेवतात. विमुक्त जाती, भटक्या जमाती हे वेगळे वर्ग केंद्रात नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघा. एसईबीसी हा वर्गही केंद्राच्या यादीत नाही. त्या मुलांनी उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असल्यास केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढावा, तोही त्या-त्या आर्थिक वर्षाचाच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तहसीलला गर्दी असते, तरी जा.

परीक्षा आणि मुलाखत

केंद्र निवडताना साताऱ्याची मुलं पुणे टाकतात, ते बरोबरच. पण आयएसआयची परीक्षा मे महिन्यातल्या रविवारी असते, लग्नसराईत. खंबाटकी घाटात कधी गाड्या अडकतील सांगता येत नाही. सकाळच्या एसटीवर विसंबू नका, शनिवारी मुक्कामाला जा.

आयएसआयमध्ये लेखीनंतर मुलाखतीला बोलावलं तर कोट-टाय, "मला गणित का आवडतं" असली भाषणं घरी ठेवा. हातात खडू देतात आणि प्रश्न सोडवायला सांगतात. अडलात तर गप्प बसू नका, "लहान उदाहरण घेऊन बघतो" म्हणा आणि घ्या. समोरचे इशारा देतात. तो पकडता येतो का, हेच ते बघत असतात.

नंबर लागला नाही तर

लागणार नाही, ही शक्यता जास्तच आहे. जागा थोड्या, मुलं देशभरातली. म्हणून दुसरी वाट आधीच आखा, आणि ती दुय्यम समजू नका.

पुणे विद्यापीठाची बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स ही पदवी आपल्याकडे कमी लेखली जाते. तिच्यात संगणकाबरोबर गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सही असतं, आणि प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर मिळतो. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजांच्या गुणवत्ता याद्या निकालानंतर लगेच लागतात, त्यामुळे अर्ज निकालाआधीच टाकून ठेवा. किंवा सरळ बीएस्सी गणित करा आणि सोबत प्रोग्रामिंग स्वतः शिका. तीन वर्षांनी जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी गणित, किंवा सीएमआयच्या एमएस्सी संगणकशास्त्राची परीक्षा, दोन्ही उघड्या आहेत. मधल्या उन्हाळ्यांत एमटीटीएस या गणिताच्या शिबिराला अर्ज करा. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं हे शिबिर छोट्या कॉलेजांतल्या मुलांसाठी फार मोलाचं आहे. तिथून परत आलेली माझी एक विद्यार्थिनी पुढे महिनाभर फळ्यावर कुणी काही लिहिलं की "का?" विचारत होती. तिच्या प्राध्यापकांना ते फारसं आवडलं नाही.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का? जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा देता येते. पण नुसतं थांबण्यापेक्षा बीएस्सीला प्रवेश घेऊन सीएमआय-आयएसआयची परीक्षा पुन्हा देणं मला शहाणपणाचं वाटतं. दोन्ही तयाऱ्या एकमेकींच्या उपयोगाच्या आहेत.

लागला तर

पहिलं काम: प्रवेश निश्चितीची मुदत बघा. ती काही वेळा कॅप फेरी संपण्याच्या आत येते, म्हणून दोन्हीकडची शुल्क परताव्याची अट वाचूनच एक जागा सोडा. दुसरं: कॉलेजातून शाळा सोडल्याचा दाखला आणि बोर्डाचं मायग्रेशन प्रमाणपत्र. राज्याबाहेर जाणाऱ्याला हे लागतंच, आणि मिळायला दिवस लागतात. अर्ज निकाल लागल्या दिवशीच टाका. दाखल्याच्या मूळ प्रती देण्याआधी प्रत्येकीच्या दहा-दहा झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा. जुलै-ऑगस्टला चेन्नईच्या गाड्या भरलेल्या असतात, तिकीटही तेव्हाच काढून टाका.